गुण संख्येचे की मांडणीचे?

कविता, कथा, नाटक यांची समीक्षा मराठीत शंभराहून अधिक वर्षे होत आली आहे. कोणत्या कवितेत अनुभव आहे आणि कोणत्या कवितेत केवळ यमक आहे, हे सांगण्याची परिभाषा आपल्या समीक्षकांनी घडविली. संख्यांविषयीच्या लेखनाला मात्र हे भाग्य लाभलेले नाही. दिवाळी अंकांत, मुलांच्या मासिकांत आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत 'अंकांच्या गमती' नेमाने छापून येतात. एखादी लांबलचक संख्या द्यायची, तिचा एक चमत्कार सांगायचा, वाचकाने तोंडात बोट घालायचे आणि लेख संपायचा, अशी या लेखनाची ठरलेली रीत आहे. तो चमत्कार का घडतो, आणि त्याचे मोल किती, हे दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात हेच दोन प्रश्न दोन मोठ्या पूर्णांकांना विचारावयाचे आहेत. पहिली संख्या सतरा अंकी असून ती देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावाशी जोडलेली आहे. दुसरी दहा अंकी असून ती भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातील एका उदाहरणाचे उत्तर आहे. वाचकांनी जवळ कागद आणि पेन्सिल ठेवावी. गुणाकार आणि वजाबाकी येणाऱ्या कोणालाही पुढील विवेचन पडताळून पाहता येईल, आणि पडताळून पाहिल्यावाचून त्याला अर्थही नाही.

आरंभीच एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. संख्या मोठी असणे हा तिचा गुण नव्हे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्धात एक मिळविला की त्याहून मोठी संख्या तयार होते, आणि त्यासाठी कोणतीही प्रतिभा लागत नाही. कर्नाटकाच्या कन्या शकुंतलादेवी यांनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. उत्तर होते १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०, म्हणजे सव्वीस अंकी. त्या दिवशी जे थोर होते ते त्यांचे अवधान. तो गुणाकार मात्र इतर कोणत्याही गुणाकारासारखाच एक गुणाकार आहे. तेव्हा मोठेपणाने भारावून न जाता गुणाकडे पाहावयाचे, तर गुणाचे प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत.

त्यासाठी सर्वांच्या ओळखीची एक लहान संख्या घेऊ. १७२९ ही संख्या रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. दोन घनांची बेरीज म्हणून जी दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येते, अशी ती सर्वांत लहान संख्या आहे. १२ चा घन अधिक १ चा घन, किंवा १० चा घन अधिक ९ चा घन. आता याच संख्येचा दुसरा गुण पाहा. तिच्या अंकांची बेरीज १ + ७ + २ + ९ = १९. या १९ ला उलटे लिहिले की ९१, आणि १९ × ९१ = १७२९. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' हे सुंदर नाव दिले.

दोन्ही गुण खरे आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. आपण दहा बोटांऐवजी बारा बोटांनी मोजत असतो, डझनाचे डझन बांधून संख्या लिहीत असतो, तर १७२९ चे अंक बदलले असते, त्यांची बेरीज बदलली असती आणि एकोणीस-एक्याण्णवची जोडी नाहीशी झाली असती. घनांच्या दोन जोड्या मात्र जागच्या हलल्या नसत्या, कारण तितके खडे तितकेच राहिले असते. पहिला गुण संख्येचा आहे आणि दुसरा दशमान मांडणीचा. समीक्षेची पहिली कसोटी हीच की, ज्या गुणाची आपण स्तुती करीत आहोत तो या दोहोंपैकी कोणता, हे आपल्याला ठाऊक असावे.

येथे मांडणी म्हणजे लिपी नव्हे, हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या भागातील वाचकांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. जुन्या मराठी घराण्यांतील दप्तरे मोडीत आहेत. निजामाच्या अमदानीतील सरकारी कागद उर्दूत आहेत. १९५६ नंतरच्या पहाणी पत्रकांत कन्नड आली. सरकारी सेवेत असताना एकाच शेताचे क्षेत्र तीन लिप्यांत लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि लिपी बदलली म्हणून शेत एका गुंठ्यानेही वाढले किंवा घटले नाही. देवनागरी, कन्नड वा उर्दू, तिन्हींत मांडणी दशमानच. म्हणून १७२९ चा हर्षद हा गुण तिन्ही लिप्यांत टिकतो. दहाची गाठ सोडून बाराची बांधली, तरच तो ढळतो.

आता पहिल्या मोठ्या संख्येकडे वळू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यात शाळा, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीचे शिक्षण आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षकाची नोकरी, असा त्यांचा साधा जीवनक्रम होता. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील 'डेम्लो' म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकात त्यांना ज्या संख्यांचा विचार सुचला, त्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' हे नाव दिले. त्यांतील एका सुरेख मालिकेचा आरंभ असा: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे चढत गेले की नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग येतो तो १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या भास्कराचार्यांच्या नावांप्रमाणे 'मध्य' या स्थानापर्यंत पोहोचते, परार्धाच्या एकच पायरी खाली. एकापासून नऊपर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या देवळाच्या शिखरासारखी दिसते. उजवीकडून वाचली तरी तीच. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. हे पाहून ज्याला आनंद होत नाही, त्याने संख्यांच्या वाटेस जाऊ नये.

परंतु आनंद झाल्यानंतर कारण विचारले पाहिजे, आणि येथे ते सोपे आहे. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना आपण नऊ ओळी मांडतो. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करताना अगदी उजव्या घरात एकच १ सापडतो, पुढच्या घरात दोन, मग तीन, मधल्या घरात नऊ, आणि तेथून पुन्हा एकेक कमी. बेरीज नऊच्या वर जात नसल्यामुळे कोठेही हातचा येत नाही. शिखराचे सारे रहस्य या 'हातचा येत नाही' एवढ्या तीन शब्दांत आहे.

म्हणूनच दहावा एक जोडला की शिखर ढासळते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या घरात दहा जमले, हातचा डावीकडे गेला आणि चढणीतील आठ नाहीसा झाला. शिखराची उंची संख्येने ठरविलेली नाही, ती आपल्या दहा अंकांनी ठरविलेली आहे. आठाच्या मांडणीत ती सातावर थांबली असती, बाराच्या मांडणीत अकरापर्यंत गेली असती. उलट, आपली हीच सतरा अंकी संख्या बाराच्या मांडणीत लिहिली, तर ती पंधरा अंकी होते. तिचे आरंभीचे दोन अंक ९७ आणि शेवटचे दोन ६९ येतात. उलटसुलट सारखी असण्याचा तिचा गुण तेथे उरत नाही.

नेमका हाच आक्षेप केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स ॲपॉलॉजी' या पुस्तकात घेतला होता. त्यांनी उदाहरणे घेतली ती ८७१२ आणि ९८०१ या संख्यांची. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. वृत्तपत्रातील कोड्याच्या सदराला हे शोभेल, पण गणित्याला यात रस वाटावा असे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. हे विधान कापरेकरांविषयी नसले, तरी तोच माप लावला तर देवळालीच्या शिक्षकाचे बहुतेक काम कोड्यांच्या सदरात जाऊन पडते.

हार्डींची कसोटी मला मान्य आहे, पण त्यांचा निवाडा पुरता मान्य नाही. मांडणीचा गुण संख्येच्या गुणापेक्षा कमी खोल असतो, हे खरे. परंतु मांडणी हीदेखील माणसाने निर्माण केलेली एक रचना आहे, आणि त्या रचनेत काय दडले आहे याचा शोध घेणे निरर्थक नाही. वृत्त ही भाषेने घडविलेली चौकट आहे, म्हणून वृत्तांचा अभ्यास कोणी कोड्यात काढत नाही. पाहावयाचे ते एवढेच की अभ्यासक चमत्कारापाशी थांबला की कारणापर्यंत गेला.

कापरेकरांच्या सर्वांत प्रसिद्ध संख्येवर, ६१७४ वर, हा विचार घासून पाहता येईल. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात वेळांत ६१७४ येते आणि तेथून पुढे हलत नाही. भाषावार राज्यपुनर्रचनेने बीदर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला ते वर्ष १९५६ घेऊ. ९६५१ − १५६९ = ८०८२. मग ८८२० − ०२८८ = ८५३२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन फेऱ्यांत मुक्काम गाठला.

गमतीच्या सदरात लेख येथे संपतो. समीक्षा येथे सुरू व्हावयास हवी. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांपैकी बाहेरच्या दोन अंकांतील फरक आणि आतल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोन गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर अवलंबून असते. बाहेरच्या फरकाची ९९९ पट अधिक आतल्या फरकाची ९० पट, हे ते उत्तर. बाहेरचा फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो आणि आतला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकाइतका. मोजले तर अशा जोड्या केवळ ५४ होतात. म्हणजे चार अंकी संख्या हजारो असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर रिंगणात ५४ च उरतात. एका संध्याकाळी त्या सर्व तपासून होतात. आणि ६१७४ स्वतःशीच का येऊन थांबते? तिचे अंक ७, ६, ४, १ असे लावले तर बाहेरचा फरक ६ आणि आतला २. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४, दोन वेळा ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४.

एवढे समजले म्हणजे चमत्कार ओसरतो, असे काहींना वाटेल. माझ्या मते तो तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण आता पुढचे प्रश्न विचारता येतात. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ आहे. पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही, तेथे संख्या निरनिराळ्या चक्रांत फिरत राहतात. असे का, हा प्रश्न पहिला चमत्कार उलगडल्यावाचून सुचतच नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्च महिन्यात कापरेकरांविषयी लिहिले, आणि त्यानंतर जगभरातील हौशी व व्यावसायिक गणितींनी या प्रश्नांत रस घेतला. कापरेकरांच्या कामाचा मोठा भाग निरीक्षणाचा आहे, सिद्धतेचा नव्हे. ही त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. परंतु उत्तम निरीक्षण दुसऱ्याला प्रश्न देऊन जाते. आपण मराठी लेखकांनी त्यांचे निरीक्षण तेवढे उचलले आणि प्रश्न तसाच ठेवला. ही उणीव त्यांच्यापेक्षा आपल्या पदरी अधिक पडते.

आता दुसरी संख्या. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये रचला. त्याच्या 'बीजगणित' या भागात त्यांनी एक प्रश्न घातला आहे. अशी कोणती वर्गसंख्या आहे की जिला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच येईल?

प्रश्न दिसावयास निरुपद्रवी आहे. शेजारच्या संख्या घेतल्या तर उत्तर हातासरशी मिळते. ६० साठी: ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, एक मिळविला की ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ साठी: ८ चा वर्ग ६४, बासष्टपट ३९६८, एक मिळविला की ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. या दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० हे आहे. त्याच्या वर्गाची ६१ पट करून एक मिळविला की १७६६३१९०४९ चा वर्ग येतो. दोन घरांच्या मधल्या भिंतीत विहीर लागावी, तसा हा प्रकार आहे. ही दहा अंकी संख्या कोणी मोठी करावयाची म्हणून मोठी केलेली नाही. तिच्याहून लहान कोणतीच संख्या हे काम करू शकत नाही, म्हणून ती तेवढी आहे.

एकेक संख्या तपासत गेलो तर बावीस कोटींहून अधिक वेळा वर्ग करून पाहावे लागतील. भास्कराचार्यांनी ज्या रीतीने हे उत्तर काढले तिचे नाव चक्रवाल. तिची वाट अशी. आठचा वर्ग ६४, त्यातून ६१ वजा केले तर ३ उरतात. आपल्याला १ हवा आहे, मिळाले ३. आता असा अंक शोधावयाचा की जो ८ मध्ये मिळविला असता बेरजेला ३ ने भाग जाईल आणि ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. तो अंक ७. त्याच्या साहाय्याने नवी जोडी मिळते ३९ आणि ५. पडताळा पाहा: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. एकाच पावलात आपण ३ वरून उणे ४ वर आलो. उणे ४ हाती लागले की पुढचे काम दोन जोड्यांपासून तिसरी जोडी करण्याच्या जुन्या रीतीने होते. तिला 'भावना' म्हणतात आणि ती ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच दिलेली आहे. तिने २९७१८ आणि ३८०५ ही जोडी मिळते. २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४, आणि ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८३१५९५२५. फरक उणे १. आता शेवटची पायरी. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा. येते १७६६३१९०४९. दोन्ही संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट करा. येते २२६१५३९८०. पाच-सहा ओळींत काम संपले.

या संख्येला आपली कसोटी लावा. बाराच्या मांडणीत लिहा, दोनाच्या मांडणीत लिहा, खडे मांडून ठेवा. तिचे ६१ शी असलेले नाते तुटत नाही. तिच्या अंकांत शिखर नाही, डौल नाही, उलटी वाचली तर ती दुसरीच संख्या होते. तिचे सौंदर्य डोळ्याला दिसत नाही, ते नात्यात आहे. १६५७ साली फ्रान्समधील फर्मा यांनी समकालीन गणितींपुढे जे आव्हान ठेवले, त्यात त्यांनी उदाहरण म्हणून निवडली ती हीच ६१ ही संख्या. भास्कराचार्यांचे नावही त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पाचशे वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने दोघे एकाच संख्येपाशी येऊन थांबले, कारण अडचण त्या संख्येतच होती. गुण संख्येचा असला म्हणजे तो असा कोठेही, कोणालाही सापडतो.

येथेही समीक्षकाने डोळे उघडे ठेवावयास हवेत. आपल्या भागात भास्कराचार्यांविषयी एक खास अभिमान आहे, आणि त्याला आधार फैजीचा दिला जातो. अकबराच्या आज्ञेने १५८७ साली 'लीलावती'चे फारसी भाषांतर करताना फैजीने ग्रंथकाराचे गाव दख्खनमधील बीदर म्हणून सांगितले. ११५० साली येथून जवळचे कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती, हेही जोडीला सांगितले जाते. परंतु भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले सांगितले आहे, आणि बीदर सह्याद्रीपासून दूर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला, त्यात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. हा पुरावा खानदेशाकडे बोट दाखवितो. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. फैजीच्या एका शब्दावर बीदरचा दावा उभा करणे मला धाडसाचे वाटते.

त्याहून महत्त्वाचे असे की, दावा खरा ठरला तरी त्याने आपल्याला काय मिळणार? १७६६३१९०४९ ही संख्या ज्याने कागदावर एकदाही पडताळून पाहिली नाही, त्याला भास्कराचार्य बीदरचे असले काय आणि उज्जैनचे असले काय, सारखेच. 'आमच्याकडे फर्माच्या पाचशे वर्षे आधी' हे वाक्य व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकू येते, पण उणे ४ कसे आले हे सांगणारा क्वचित भेटतो. श्रेयाच्या वाटणीतही आपण घाई करतो. भावना ब्रह्मगुप्ताची. चक्रवालाचे विवरण जयदेव नावाच्या गणित्याच्या नावावर १०७३ मधील एका टीकेत आढळते, आणि ही गोष्ट कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ साली पुढे आणली. ही रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही. असे प्रश्न नेहमी सुटतात, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले. हे सारे सांगितल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. त्यांच्या रीतीची चपळाई उलट अधिक स्पष्ट दिसते.

मग कापरेकरांची शिखरसंख्या हलकी आणि भास्कराचार्यांची संख्या भारी, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? निकाल इतका सरळ नाही, कारण शिखरसंख्येच्या पोटातही एक खोल गुण दडलेला आहे. तिचे मूळ १११११११११. नऊ एक. नऊ म्हणजे तीन त्रिक. म्हणून हे नऊ एक १११ × १००१००१ असे फोडता येतात. आता गंमत अशी की, ही फोड कोणत्याही मांडणीत टिकते. आठाची मांडणी घ्या, बाराची घ्या, नऊ एकांच्या संख्येला तीन एकांच्या संख्येने भाग जातोच. एकांची संख्या जर संयुक्त असेल, तर त्या एकांनी लिहिलेली संख्याही संयुक्तच असते. ती मूळ संख्या व्हावयाची, तर एकांची संख्या आधी मूळ असावी लागते. ही अट आवश्यक आहे, पुरेशी मात्र नाही. आपल्या दशमानात १९ एकांची आणि २३ एकांची संख्या मूळ आहे, पण तीन एकांची नाही, कारण १११ म्हणजे ३ × ३७.

हाच विचार दोनाच्या मांडणीत नेला की तो आधुनिक गणिताच्या अंगणात जाऊन पोहोचतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका प्रचंड मूळ संख्येचा शोध जाहीर झाला. २ चा १३६२७९८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला म्हणजे ती संख्या मिळते. दशमानात तिचे अंक ४,१०,२४,३२० भरतात. दोनाच्या मांडणीत मात्र तिचे रूप अगदी ओळखीचे आहे: एकापुढे एक असे १३६२७९८४१ एक, दुसरे काही नाही. डेम्लोच्या फलाटावर मनात घोळलेल्या एकांच्या रांगेचेच हे दूरचे भावंड. शिखराच्या डौलावर थांबलेल्या वाचकाला हे नाते कधीच कळणार नाही. शिखर का उभे राहिले आणि का ढासळले हे ज्याने विचारले, त्याला कळेल. तात्पर्य, मांडणीचा गुण हा दरवाजा असू शकतो, पण तो उघडून आत जावे लागते.

हा भेद आपल्यासारख्या कुटुंबांना विशेष जवळचा वाटावा असे मला वाटते. सीमेवरच्या घरांत जे जे जपले जाते, त्यातील काही मांडणीचे असते आणि काही आतले असते. पावकी, निमकी, दिडकी, औटकी आमच्या पिढीने मराठीत घोकली. नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकतात आणि 'एकोणसत्तर' म्हणजे किती, असे आजोबांना विचारतात. त्याची हळहळ होणे स्वाभाविक आहे, आणि पाढ्यांची ती लय जपण्याजोगी आहेच. परंतु आपण त्यांना केवळ लय आणि केवळ अभिमान दिला, तर हिशेबाच्या दृष्टीने आपण त्यांना फारसे काही दिलेले नसेल. ६१ ला शेजारच्या ६० पेक्षा इतके मोठे उत्तर का लागावे, हा प्रश्न कोणत्याही लिपीत तितकाच टोकदार आहे. तो मराठीतून विचारला गेला, मराठीतून उलगडला गेला, तर आपली भाषाही केवळ घरातील आठवण न राहता विचार करण्याचे साधन म्हणून त्यांच्या हाती राहील.

म्हणून संख्यांविषयी मराठीत लिहिणाऱ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे. चमत्कार अवश्य सांगावा. तो संख्येचा की मांडणीचा, हे त्याच परिच्छेदात सांगावे. कारण जमेल तेवढे उलगडावे, आणि जेथे ते पुरे उलगडत नाही तेथे प्रश्न स्वच्छ शब्दांत मांडून वाचकाच्या हाती द्यावा. असे लेख छापून येऊ लागले, तर कापरेकरांच्या कामाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही वाचकाला स्वतः जोखता येतील, आणि भास्कराचार्य कोणत्या गावचे हा वाद थोडा बाजूला राहून त्यांचे गणित वाचले जाईल. सुरुवात म्हणून वाचकांनी ६७ घ्यावेत. भास्कराचार्यांनी ६१ च्या बरोबरीने तेच विचारले आहेत. उत्तर ५९६७ आणि ४८८४२. पडताळा सोपा आहे. वाट शोधून काढणे हे खरे काम, आणि ते घरातील मुलांना शेजारी बसवून करावे.